पित्ताच्या नावानं चांगभलं!

दिवाळीच्या अंकात पोटातल्या आम्लावर लेख लिहिणे म्हणजे लग्नाच्या पंगतीत उभे राहून लंघनाचे माहात्म्य सांगणे होय, हे मला समजते. संपादकांनी माझ्याकडे कथा मागितली होती. कथा लिहायला बसलोही होतो. नायक गच्चीवर आला होता, खाली पणत्या लागल्या होत्या, आणि नायकाच्या छातीत जळजळू लागले. विरहाने नव्हे. तेव्हा ध्यानात आले की मनात जे ठसठसते आहे ते आधी लिहून मोकळे व्हावे. नायक पुढच्या वर्षी भेटेल.

ठसठसते ते असे. आपल्याकडे ज्याला गरज नाही तो आम्ल मारणारी गोळी रोज सकाळी देवाच्या तीर्थासारखी घेतो, आणि ज्याचा जीव तिच्यावाचून जाण्याची वेळ येते त्याच्यापुढे मोरावळ्याची बरणी ठेवली जाते. हे मी ऐकीव सांगत नाही. आमच्या एकाच घरात दोन्ही प्रकार घडले. पहिला गुन्हेगार मी स्वतः, आणि दुसऱ्यात मरता मरता वाचले ते माझे थोरले बंधू.

या दोन्ही चुका एकाच शब्दाच्या आडोशाने होतात. तो शब्द म्हणजे पित्त. मुळशी तालुक्यातले आमचे नेरे गाव आता हिंजवडीच्या संगणकनगरीला खेटले आहे. भाताच्या खाचरांपलीकडे वीस-वीस मजली इमारती दिसतात. खाचरातला माणूस आणि विसाव्या मजल्यावरचा माणूस यांचे कपडे वेगळे, बोली वेगळी, जेवायच्या वेळा तर अगदीच वेगळ्या; पण पित्ताच्या बाबतीत दोघांचे एकमत! डोके दुखले, पित्त. अंगावर गांधी उठल्या, पित्त. ओकारी झाली, पित्त. सासूबाई रागावल्या तर त्यांचेही पित्तच खवळलेले. ज्या शब्दाने सगळेच सांगता येते त्याने काहीच सांगता येत नाही, हे भाषेचा धंदा करणाऱ्या माझ्यासारख्याला तरी कळायला हवे होते.

खरे पित्त यकृतात तयार होते. ते हिरवट-पिवळे, कडू असते आणि जठराच्या पुढे आतड्यात उतरते. छातीत जळते ते पित्त नव्हे; ते जठरातले आम्ल. उलटीत कडू येते ते एक आणि आंबट येते ते दुसरे, इतका भेद तर आपली जीभही करते. आपल्या जुन्या वैद्यांनी काश्यपसंहितेत आणि माधवनिदानात या दुखण्याला ‘आम्लपित्त’ असे वेगळे नाव दिले होते. आपण त्यातले ‘आम्ल’ गाळले आणि ‘पित्त’ तेवढे ठेवले. म्हणजे नेमके कामाचे टाकून दिले.

हे आम्ल आहे तरी काय? संडास धुण्याच्या आम्लाचाच तो सख्खा भाऊ: हायड्रोक्लोरिक आम्ल. १८२४ साली विल्यम प्राउट या इंग्रज रसायनवेत्त्याने ते ओळखून दाखवले. त्याच्या आधी दोन वर्षे अमेरिकेत अलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या एका तरुणाच्या पोटात बंदुकीचा बार लागला. तो जगला, पण जठराला बाहेरून पडलेले भोक काही बुजले नाही. त्याच्यावर उपचार करणारा लष्करी डॉक्टर बोमाँट या भोकातून दोऱ्याला बांधून मांसाचे तुकडे आत सोडी आणि किती वेळात विरघळतात ते पाही. माणूस चिडला की पचनाची चाल बिघडते, हेही त्याने त्या खिडकीतून पाहिले. त्या बिचाऱ्या सेंट मार्टिनला काय वाटत असेल, यावर खरे तर एक कादंबरी व्हावी.

जठराच्या भिंतीत कोट्यवधी पेशी केवळ हे आम्ल करण्यासाठी बसलेल्या आहेत. दिवसाकाठी दीड-दोन लिटर जठररस पाझरतो. आम्ल करणाऱ्या पेशीच्या तोंडाशी त्याची तीव्रता रक्ताच्या दहा लाख पटींहूनही अधिक असते. विहिरीवरचा पंप जसा खालचे पाणी वर फेकतो तसा या पेशींतला पंप आम्लाचा कण बाहेर फेकतो आणि बदल्यात पोटॅशियमचा कण आत ओढून घेतो. आमच्याकडे एका विहिरीवर तीन भावांचा हक्क असतो आणि तिघांच्या घरांतून मोटर चालू करण्याची बटणे असतात, इथेही तसेच. एक बटण मेंदूतून पोटात उतरणाऱ्या मज्जातंतूचे. चकलीचा वास आला की चकली तोंडात पडण्याआधीच ते दाबले जाते. रशियाच्या पावलॉव्हने कुत्र्यांवर हे सिद्ध केले, आणि पचनावरच्या त्याच्या कामाला १९०४ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. दुसरे बटण गॅस्ट्रिन या स्रावाचे. अन्न जठरात पडले की ते दाबले जाते. तिसरे हिस्टामिनचे.

या हिस्टामिनची एक मौज आहे. अंगावर गांधी उठतात त्याही हिस्टामिननेच. म्हणजे गांधींना आणि जळजळीला एकच नाव देणाऱ्या आमच्या आजीचा बाण अंधारात का होईना, कुठेतरी लागला होता! परंतु गांधींवरची गोळी घेऊन आम्ल काही कमी होत नाही. हे कोडे जेम्स ब्लॅक या स्कॉटिश शास्त्रज्ञाने धरून ठेवले. हिस्टामिनचे जठरातले कुलूप निराळे असले पाहिजे, असे त्याने ताडले आणि त्या कुलपाची खोटी किल्ली घडवली. १९७६ साली ते औषध, सिमेटिडिन, इंग्लंडात विकायला आले. पाठोपाठ आपल्या सर्वांच्या परिचयाचे रॅनिटिडिन. १९८८ साली ब्लॅकला नोबेल मिळाले, आणि त्याच वर्षी स्वीडनच्या कारखान्यातून ओमेप्राझोल बाहेर पडले. ते बटणांच्या वाटेला जातच नाही. थेट पंपालाच खीळ घालते. आज घरोघरी दिसणारे पॅन्टोप्राझोल त्याच घराण्यातले.

आता हे तिन्ही प्रकार शेजारी ठेवून पाहा. खाण्याचा सोडा, पांढरे पातळ औषध, वैद्यांचे चुनखडीच्या जातीचे शंखभस्म ही सारी सांडलेल्या आम्लावर राख टाकणारी मंडळी. घटकाभर बरे वाटते, पंप चालूच. (थंड दुधाचेही तेच, वर त्यातले प्रथिन आणि कॅल्शियम थोड्या वेळाने आम्लाला पुन्हा हाक घालतात.) रॅनिटिडिन तीनपैकी एका बटणाची तार तोडते. आणि पॅन्टोप्राझोल पंपच बंद पाडते. पण जो पंप त्या वेळी चालू आहे तोच. झोपलेल्या पंपाला ते ओळखत नाही. म्हणून ती गोळी जेवणाआधी अर्धा-पाऊण तास घ्यायची असते, म्हणजे घास पोटात पडून पंप धडधडू लागतात तेव्हा औषध रक्तात हजर असते. आता सांगा, श्रीखंड-पुरीवर ताव मारून, बडीशेप खाऊन, मग छातीवर हात ठेवीत ही गोळी गिळणारे आपल्यात किती आहेत? वरात येऊन गेल्यावर तोरण बांधावे तसे हे.

मीही त्यांतलाच. सहा वर्षांपूर्वी दाढ दुखून ताप आला, तेव्हा एका डॉक्टरांनी इतर औषधांबरोबर ही गोळी पाच दिवसांसाठी लिहून दिली. पाच दिवस संपले, दाढही गेली, गोळी राहिली. दुकानदार देत गेला, मी घेत गेलो. बंद केली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी छाती पेटे, आणि मी म्हणे, “पाहा, माझी प्रकृती मुळातच पित्ताची!” सहा वर्षे मी हे वाक्य मोठ्या ऐटीत बोललो. लेखकाला प्रकृती पित्ताची असणे जरा शोभूनही दिसते.

ती प्रकृती नव्हती, गोळीचेच देणे होते. पंप दाबून ठेवला की शरीर गॅस्ट्रिनचे बटण अधिकाधिक जोराने दाबत राहते. खीळ काढताच सगळे पंप एकदम उसळतात. डेन्मार्कमध्ये २००९ साली याची फार चोख परीक्षा झाली. ज्यांना पोटाची काही तक्रार नव्हती अशी १२० धडधाकट माणसे घेतली. निम्म्यांना आठ आठवडे अशी गोळी आणि पुढे चार आठवडे नकली गोळी दिली, उरलेल्यांना आरंभापासून नकलीच. अखेरच्या आठवड्यांत खरी गोळी घेऊन गेलेल्यांपैकी शेकडा ४४ जणांना जळजळ, आंबट ढेकर सुरू झाले. दुसऱ्यांत ते प्रमाण शेकडा १५ होते. निरोगी माणसाला आजार देणारे आणि मग त्याच आजारावर घ्यावे लागणारे औषध! सावकाराने याहून काय वेगळे केले?

पुढे माझ्या तळपायांना मुंग्या येऊ लागल्या. फळ्यापुढे उभे राहिले की पाय कुणा दुसऱ्याचे वाटत. तपासणीत रक्तातले बी-१२ जीवनसत्त्व तळाला गेलेले निघाले. डॉक्टरीणबाईंनी दोनच प्रश्न विचारले: मांसाहार करता का, आणि रोजची गोळी कोणती? आमच्या घरात माळ आहे, मांसमच्छी नाही. शाकाहाऱ्याला हे जीवनसत्त्व मुख्यतः दूध-दह्यातून मिळायचे, आणि अन्नातल्या प्रथिनापासून ते सुटे करायला आम्ल लागते. ते मी सहा वर्षे मारीत होतो. सगळा दोष गोळीचा नव्हे, असे बाईंनीच सांगितले. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या मातांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास करीत आले आहेत. त्या मातांपैकी निम्म्याहून अधिक जणींना बी-१२ कमी असल्याचे त्यांना आढळले. म्हणजे जिथे आडातच पाणी थोडे, तिथे पोहरा फुटका करून घेण्याची ही हौस!

आता दादांची गोष्ट.

दादा माझ्याहून अकरा वर्षांनी मोठे. दरसाल वारीला चालत जातात. त्या वर्षी पंढरपुराहून आले ते गुडघे धरूनच. पुढे लावणी. चिखलात वाकायचे तर गुडघ्याने ऐकले पाहिजे. म्हणून तालुक्यातल्या एका दुकानातून दुखण्यावरच्या गोळ्या आणल्या. कुणी चिठ्ठी विचारली नाही. सकाळी न्याहारीआधी एक, रात्री एक, असा दीड महिना. गुडघे हलले, लावणी झाली. मग पोटात कळ येऊ लागली. वहिनींनी मोरावळा दिला, धने-जिऱ्याचे पाणी दिले. मी विचारले तर दादा म्हणाले, “काय नाय रं मास्तर, जरा पित्त झालंय.” आणि मी, सहा वर्षे रोज सकाळी पॅन्टोप्राझोल खाणारा सुशिक्षित माणूस, त्यांना म्हणालो, “थंड दूध घ्या.”

मळाचा रंग डांबरासारखा काळा झाला होता. हे ते कुणाला बोलले नाहीत. असल्या गोष्टी बोलायच्या नसतात, हा आपला संस्कार. एके सकाळी बांधावरच कोसळले. अंग गार, ओठ पांढरे. पुण्याला नेईपर्यंत गाडीत काळीभोर उलटी झाली. दुर्बीण घालून पाहिले तेव्हा जठराच्या पुढच्या वळणावर व्रण, आणि व्रणाच्या तळाला उघडी पडलेली रक्तवाहिनी. दुर्बिणीतूनच ती चिमटा लावून बंद केली, रक्ताच्या तीन पिशव्या चढवल्या, आणि शिरेतून थेंब थेंब एक औषध सुरू केले. बाटलीवरचे नाव मी वाचले. पॅन्टोप्राझोल. माझ्या सदऱ्याच्या खिशात त्याच नावाचे पाकीट होते.

दुखण्यावरच्या गोळ्या वेदना ज्या वाटेने थांबवतात, त्याच वाटेने जठराच्या आतला संरक्षक लेपही पातळ करतात. म्हणून साठी उलटलेल्याला त्या दीर्घकाळ द्यायच्याच असल्या तर सोबत आम्ल कमी करणारी गोळी देतात. दादांना ती पहिल्या दिवसापासून हवी होती. आमच्या घरात ती होती. माझ्या उशाशी होती.

जे लोक या औषधाला सरसकट विष म्हणतात त्यांना मी त्या बाटलीपाशी नेऊन उभे करीन. मोबाईलवर असले उपदेश रोज सकाळी येतात: गोळ्या फेका, अमुक पाला खा, मूत्रपिंड वाचवा. मूत्रपिंडाची गोष्ट खोटी नाही; काही जणांना या गोळ्यांनी तशी इजा होते आणि भारताच्या औषध नियंत्रकांनी २०१९ साली तो धोका माहितीपत्रकात छापण्यास सांगितले. पण या औषधांच्या आधी व्रणाच्या रोग्याचे जठर अर्धेअधिक कापून काढीत, मज्जातंतू तोडीत. ती पिढी अजून आपल्यात आहे. पोटावरचा उभा व्रण दाखवील. पाल्याने ते टळले असते तर कुणी सुरीखाली गेले नसते.

दादांच्या जठरात एक जंतूही सापडला. ही कथा तर एखाद्या रहस्यकथेसारखी आहे. शतकभर डॉक्टर मंडळी सांगत होती की व्रण होतो तो चिंतेने आणि तिखटाने. आपल्या बायकांनी त्यापायी किती बोलणी खाल्ली असतील! १९८२ साली ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरी रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांना व्रणाच्या रोग्यांच्या जठरात एक मुरड घातलेला जंतू वाढवून दाखवता आला. एवढ्या आम्लात जंतू जगेलच कसा, म्हणून लोक हसले. १९८४ साली मार्शलने त्या जंतूंचा पेलाच स्वतः पिऊन टाकला, आणि आठवडाभरात ओकाऱ्या करीत आपल्याच जठराचा दाह जगाला दाखवला. २००५ साली दोघांना नोबेल मिळाले. व्रणामागे हा जंतू असला तर दोन आठवडे प्रतिजैविके आणि आम्लाची गोळी एकत्र घेतली की बहुतेकांचा व्रण भरतो आणि सहसा उलटत नाही. त्या प्रतिजैविकांतले एक पेनिसिलिनच्याच घराण्यातले. आमच्याजवळच पिंपरीला १९५४ पासून पेनिसिलिनचा सरकारी कारखाना उभा होता, आणि त्याच्या आसपासच्या गावांतले व्रणाचे रोगी ‘चिंता करू नका, मिरची सोडा’ हा सल्ला ऐकत मरत होते. त्या वेळी कुणाला माहीत नव्हते; दोष कुणाचा नाही. आज माहीत असून आपण तोच सल्ला देतो, तो दोष आपला.

आता ज्यांच्याशी माझे भांडण आहे त्यांच्याकडे वळतो. औषधाच्या पाकिटावर तांबडी रेघ असते. ती नक्षी नव्हे. डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकू नये, असा त्याचा अर्थ आहे आणि त्याला १९४५ पासूनच्या नियमांचा आधार आहे. दुकानदार म्हणतात, आम्ही नाही दिले तर शेजारचा देतो. हा युक्तिवाद माझ्या वर्गातली नापास मुलेही करतात. डॉक्टरमंडळींना माझी विनंती निराळी आहे. गोळी सुरू करता त्याच ओळीत ती कधी थांबवायची ते लिहा, आणि मोठ्या अक्षरांत लिहा. ‘जोडीला असू द्या’ म्हणून प्रत्येक चिठ्ठीच्या शेवटी ती टाकणे म्हणजे प्रत्येक पत्राखाली ‘कळावे’ लिहिणे झाले. मी मॅट्रिक झालेला माणूस. मला पंपाचे शास्त्र कुणी दवाखान्यात सांगितले नाही, ते मी पुढे वाचून मिळवले. पण ‘पाच दिवस’ एवढे मला त्याही वेळी वाचता येत होते, हे इथे कबूल केले पाहिजे. माझ्याशीही माझे भांडण आहेच.

आणि घरातल्या वडीलधाऱ्यांशी. काळा मळ, रक्ताची उलटी, घास अडकणे, वजन उतरणे, मध्यरात्री छातीवर दगड ठेवल्यासारखे होऊन घाम फुटणे, ही पित्ताची लक्षणे नव्हेत. शेवटचे तर हृदयाचे असू शकते, आणि त्यावर सोडा पाजीत बसलेल्या घरांत सकाळी काय दिसते ते मी एका सहशिक्षकाच्या दारात उभे राहून पाहिले आहे. त्याबद्दल अधिक लिहवत नाही.

माझी गोळी सुटली, पण एकदम नव्हे. बाईंच्या सांगण्यावरून मात्रा उतरवीत नेली. मधले तीन आठवडे रात्री छाती जळे, उशी उंच करून बसून राही, साधे पातळ औषध दोन चमचे घेई. मग आपोआप शमले. कुणी हे वाचून आपली गोळी उद्याच फेकून देऊ नये. दादांसारख्याची असली तर मुळीच नाही. दादांचे गुडघे अजून दुखतात, ते शेकतात, साधी वेदनाशामक गोळी विचारून घेतात, आणि यंदा वारीला निम्मी वाट गाडीने गेले, याचे त्यांना फार वाईट वाटते. मोरावळा वहिनी अजून घालतात. आम्ही तो पोळीशी खातो.

परवा फराळाचे सामान आणायला हिंजवडीला गेलो होतो. बी-१२च्या गोळ्या संपल्या होत्या म्हणून औषधाच्या दुकानात शिरलो. गल्ल्यावरच्या पोराने मला पाहताच सवयीने जुने पाकीट काढून पुढे ठेवले.

“चिठ्ठी नाही माझ्याकडे,” मी म्हटले.

“तुम्हाला कशाला चिठ्ठी, सर?” तो हसला.

माझ्या मागे डाव्या हाताने गुडघा धरून एक म्हातारे गृहस्थ उभे होते. त्यांच्याकडेही चिठ्ठी नव्हती.